दोन नंबर कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

परवा सांगलीत विश्रामबागेतून गणपती पेठेत रिक्षाने आलो. वाटेत पाट्या वाचायची माझी जुनी खोड. तेवढ्या अंतरात 'सर्वोत्तम' चहा दोनदा दिसला, 'नंबर एक' भडंग तीनदा आणि एका सलूनवर तर थेट 'जगात भारी'. भडंगाच्या तिसऱ्या दुकानापाशी उतरलोच. पाव किलो घेतलं आणि मालकांना विचारलं, "तुम्ही नंबर एक, मग दोन नंबर कोण?" (आपल्याकडे 'दोन नंबर'चा भलताच अर्थ होतो, हे विचारून झाल्यावर लक्षात आलं.) ते हसले नाहीत. पुडीला दोरा गुंडाळत म्हणाले, "बाकीचे सगळे."

भडंग चांगलं होतं. पण पाटी नसती तर वाईट लागलं असतं का?

'उत्तम' हा शब्दच मुळात शेवटची पायरी. संस्कृतात 'तम' लागला की त्याच्या वर चढायला जागा उरत नाही. 'श्रेष्ठ'चंही तसंच. तरी आपण उत्तमाच्या डोक्यावर 'सर्व' बसवून सर्वोत्तम केलं, श्रेष्ठाचं सर्वश्रेष्ठ केलं. आता तेही पुरेना, म्हणून 'एकमेव' आणि 'अस्सल' आले. आमच्या लहानपणी दुकानांवर 'आमची कोठेही शाखा नाही' असं लिहिलेलं असायचं. त्या वाक्याचा मला अजून आदर वाटतो, कारण ते खोटं निघू शकतं. कुठे शाखा सापडली की संपलं!

'सर्वोत्तम' खोटं निघू शकत नाही. त्याची सगळी सोय तिथेच आहे.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. 1999 साली कपड्यांच्या निळीवरून दोन उत्पादक कलकत्ता उच्च न्यायालयात भांडत होते. तेव्हा न्यायालयाने सांगितलं की, आपला माल जगात सर्वांत चांगला असं व्यापारी म्हणू शकतो, ते खरं नसलं तरी. दुसऱ्याचा माल वाईट असं मात्र म्हणायचं नाही. म्हणजे स्वतःची आरती कितीही मोठ्याने म्हणा, शेजाऱ्याच्या दारात शंख करू नका.

आकडा आला की प्रकरण बदलतं. इंग्लंडमध्ये एका कंपनीने नाकाने धूर ओढायचा गोळा काढला होता. दोन आठवडे, दिवसातून तीनदा, सांगितल्याप्रमाणे वापरूनही फ्लू झाला तर शंभर पौंड देऊ, अशी जाहिरात केली. आमचं म्हणणं खरं हे पटावं म्हणून हजार पौंड बँकेत ठेवल्याचंही छापलं. एका बाईंनी सगळं नेमाने केलं आणि त्यांना फ्लू झाला. कंपनी म्हणाली, अहो, जाहिरातीतलं बोलणं ते! 1892 साली न्यायालयाने बाईंना शंभर पौंड द्यायला लावले. 'सर्वोत्तम गोळा' एवढंच छापलं असतं तर कंपनीचा एक पेनीही गेला नसता.

आपल्याकडेही 2018 च्या नियमांनी खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत 'शुद्ध', 'ताजे', 'नैसर्गिक' अशा शब्दांना अटी घातल्या. तूप शुद्ध आहे की भेसळीचं, ते प्रयोगशाळा सांगते. 'सर्वोत्तम' तूप कुठल्या नळीत घालून तपासणार?

अतिशयोक्तीशी माझं वैर नाही. शाळेत अतिशयोक्ती अलंकार शिकताना दमडीच्या तेलात घरादाराचं न्हाणं होऊन उरलेल्या ओघळात उंट पोहून गेला होता. त्यात गंमत होती, फसवणूक नव्हती. आणि पाहा, थापेतही माप होतं: तेल किती, तर दमडीचं.

माप म्हटलं की मला आपलं मार्केट यार्ड आठवतं. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिची जाहिरात करायला आता हवी तेवढी विशेषणं मोकळी आहेत. पण सौद्यात उभं राहून ऐका. तिथे हळकुंड वेगळं, गठ्ठा वेगळा, कणी वेगळी. वाण राजापुरी की सेलम, ओल किती, आतला रंग कसा, एवढंच बोलणं. 'सर्वोत्कृष्ट' म्हणणारा एकही माणूस मला तिथे भेटलेला नाही.

एकदा असाच ढिगापाशी उभा होतो. माल कवठेमहांकाळकडच्या एका आजोबांचा. खरेदीदाराने विचारलं, "कशी आहे, आजोबा?"

"बरी हाय," आजोबा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

खरेदीदाराने एक हळकुंड उचलून मोडलं. कट्कन आवाज आला. आतला भाग उजेडाकडे धरून पाहिला, वास घेतला, दुसरं मोडलं आणि काही न बोलता क्विंटलमागे दोनशे रुपये वाढवले.