जितकी उघडता येतील, तितकीच घड्याळं

नमस्कार मंडळी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको. माझ्या घड्याळाच्या पोटातलं मशीन मी बनवत नाही. ते सेइकोचं असतं, एनएच३५ नावाचं. तासाला २१,६०० ठोके, घर्षण कमी करणारे चोवीस खडे म्हणजे ज्वेल, आणि पूर्ण चावी भरली की साधारण ४१ तास चालतं. मी डायल आखतो, केस म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी आखतो, काटे ठरवतो, ठिकठिकाणहून सगळं मागवतो, आणि इथे इंदुरात, रामबागेतल्या एका खोलीत ते जोडून, तपासून विकतो. जगात ज्यांना छोटे स्वतंत्र ब्रँड म्हणतात, त्यांतले बहुतेक असेच चालतात. एकेक चाक स्वतः घासणारी माणसं निराळी. अशा स्वतंत्र कारागिरांची एक अकादमी स्वेंड अँडरसन आणि व्हिन्सेंट कालाब्रेझे या दोघांनी १९८५ मध्ये काढली. त्या पंगतीत मी बसत नाही, आणि बसल्याचा आवही आणत नाही.

मला नेहमी विचारतात, वर्षाला किती घड्याळं विकता? कॉलेजातली मुलं तर थेट विचारतात, की काका, किती विकली म्हणजे धंदा जमला म्हणायचं? मी हिशेब उलट्या टोकाकडून मांडतो. आधी बघायचं, वर्षाला किती घड्याळं उघडून दुरुस्त करता येतील. विक्रीचा आकडा त्यावरून निघतो.

मांडून दाखवतो. समजा तुम्ही दरवर्षी शंभर घड्याळं विकता. यांत्रिक घड्याळातलं तेल सुकतं, म्हणून साधारण पाच वर्षांनी ते उघडून बघावं लागतं. पहिली पाच वर्षं मजेत जातात. सहाव्या वर्षी पहिल्या वर्षाची शंभर दारात येतात, सातव्या वर्षी दुसऱ्या वर्षाची. म्हणजे शंभर नवी जोडायची आणि शंभर जुनी उघडायची. अकराव्या वर्षी पहिली शंभर दुसऱ्यांदा येतात, तेव्हा जुन्यांचा आकडा दोनशे. सगळी परत येत नाहीत, कबूल. काही हरवतात, काही कपाटात पडून राहतात. निम्मी आली तरी खोली तेवढीच आहे आणि हात दोनच आहेत. विक्री न वाढवताही काम वाढत जातं, हे नव्याने उतरणाऱ्यांच्या कागदावर कुठेच नसतं. त्यांच्या कागदावर लोगो असतो, खोका असतो, फोटोग्राफरचं बिल असतं.

एनएच३५ला एक पळवाट आहे. अख्खं मशीन बदलून टाकायचं. खोलून, धुऊन, तेल घालून परत जोडण्यात दिवसाचा मोठा भाग जातो, आणि तेवढ्या मजुरीत नवं मशीन येतं. मी बदलतो. गिऱ्हाइकाला तसं सांगून बदलतो आणि जुनं मशीन पुडीत घालून परत देतो. काहींना हे आवडत नाही. त्यांना वाटतं, आत्माच काढून घेतला. मला त्यात गैर काही दिसत नाही.

आता एचएमटी या सरकारी कंपनीकडे येऊ, कारण या सभागृहात निम्म्यांच्या घरी तिचं एक ‘जनता’ घड्याळ असणार. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बंगलोरला कारखाना सुरू झाला. पुढे बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ आलं, टायटन आलं, आणि २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. कंपनी गेली, ‘जनता’ मात्र अजून चालतेय. का? कारण ती कुणीही उघडू शकत होता. राजवाड्याच्या आसपास फळीवर बसणाऱ्या घड्याळजीला ते मशीन डोळे मिटून येत होतं, आणि सुटे भाग सगळ्या देशात पसरलेले होते. कंपनीवर अवलंबून नव्हतं म्हणून ते घड्याळ कंपनीच्या मागेही टिकलं.

ही गोष्ट स्वित्झर्लंडमध्येही वेगळ्या तऱ्हेने घडली. तिथले असंख्य ब्रँड ईटीए नावाच्या कंपनीची मशीनं घ्यायचे. २००२ मध्ये ईटीएची मालक कंपनी स्वाच ग्रुपने जाहीर केलं, की बाहेरच्यांचा पुरवठा आम्ही टप्प्याटप्प्याने थांबवणार. स्पर्धा आयोग मध्ये पडला, मुदती वाढल्या. पण मधल्या काळात सेलिटासारख्या कंपन्यांना जागा मिळाली, कारण ईटीए २८२४ या मशीनची रचना तोवर इतरांना वापरायला मोकळी होती. सेलिटाचं एसडब्ल्यू२०० त्याच रचनेवर उभं आहे. म्हणून मशीन निवडताना मी ते किती सुंदर आहे हे दुसऱ्यांदा बघतो. पहिल्यांदा बघतो, ते आणखी किती जणांच्या हातात आहे.

इथल्याच एका बुजुर्ग घड्याळजींना मी पहिला नमुना दाखवला होता. त्यांनी लूप, म्हणजे घड्याळजीचं भिंग, डोळ्याला लावला, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, “मशीन येतं हो मला. पण ही डायल खराब झाली तर कुठून आणू?” त्या प्रश्नाने माझ्या ऑर्डरी बदलल्या. तेव्हापासून शंभर घड्याळं करायची असली तर डायल, काटे, काचा आणि क्राउन, म्हणजे चावी भरायचं कडेचं बोंड, मी दहा-पंधरा जास्त मागवतो. नंतर मागवू म्हणून चालत नाही. कारखाना दहा डायलसाठी मशीन लावत नाही, आणि लावलं तरी रंग जुळत नाही. अंधारात चमकणारा रंगसुद्धा एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात किंचित वेगळा उतरतो. नवा मिनिटकाटा जुन्या तासकाट्याशेजारी परका दिसतो. पैसा अडकतो, हो. बराच अडकतो. पुन्हा वर १८ टक्के जीएसटी आणि आयातीचं शुल्क. पण डब्यात ठेवलेले ते काटे म्हणजेच माझी वॉरंटी. छापील कार्ड नुसतं कागद आहे.

जोडणीबद्दल थोडं बोलतो, मला त्यातच जास्त रस आहे. आधी क्राउनचा दांडा, म्हणजे स्टेम, प्रत्येक केससाठी मापाने कापायचा आणि कानशीने घासायचा. जरा जास्त घासला की वाया. मग डायल बसवायची, आणि काटे लावायच्या आधी क्राउन फिरवत राहायचं, तारीख खट्कन उडी मारेपर्यंत. त्या क्षणी दोन्ही काटे बरोबर बारावर दाबायचे. हे चुकलं तर तारीख रात्री दीडला बदलते आणि फोन येतो. मग धूळ. माळव्यातल्या उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून हे काम होतच नाही. सफायर काच इतकी स्वच्छ असते, की काळ्या डायलवरचा एक कण टेबलापलीकडून दिसतो. काच बसवून, उलटून, पुन्हा उघडून कण काढण्यात जो वेळ जातो, तो किमतीत कुठे धरायचा हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त येते ती ‘घड्याळ फार पुढे पळतंय’. एनएच३५चा अधिकृत पल्लाच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे असा आहे. चाल मोजणाऱ्या टाइमग्राफर यंत्रावर लावून, निरनिराळ्या स्थितींत तपासून आम्ही तो बराच आवळतो. पण दिवसाला काही मिनिटं पुढे जात असेल तर मी आधी विचारतो, रात्री घड्याळ कुठे ठेवता? उत्तर बहुधा लॅपटॉपवर, स्पीकरवर किंवा चुंबक असलेल्या मोबाइल कव्हरवर. हेअरस्प्रिंग म्हणजे आतली केसासारखी बारीक स्प्रिंग; तिचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स, म्हणजे ठोके देणारं झुलतं चाक, भरभर झुलतो. उपाय काही सेकंदांचा: चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर ठेवायचं, बटण दाबायचं, हळूहळू दूर न्यायचं. याचे पैसे मी घेत नाही. दुसरी तक्रार पावसाळ्यातली, काचेखाली वाफ. तिथे क्राउन नीट दाबलेला नसतो, नाहीतर गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, जुनं झालेलं असतं.

इंदुरात राहून हे का, असंही विचारतात. पीथमपूर जवळ आहे; गाड्यांचे भाग कापणारी, संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं तिथे अहोरात्र चालतात. सांवेर रोडला साचे आणि हत्यारं बनवणारी इंडो-जर्मन टूल रूम आहे. केसचा नमुना कापून घ्यायला अडचण येत नाही. अडते ते पॉलिशपाशी. एका पृष्ठावर ब्रश, लगतच्या पृष्ठावर आरसा, आणि मधली धार तीक्ष्ण, हे गाड्यांच्या कामात कुणाला लागतच नाही. त्यामुळे केस अजून बाहेरूनच येते. ‘पूर्णपणे स्वदेशी’ असं मी डायलवर लिहीत नाही.

आणि उज्जैन! तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे मला दर महिन्याला कुणीतरी सुचवतं, मुहूर्त दाखवणारं घड्याळ काढा. कल्पना मोहात पाडते. अहोरात्रीचे तीस मुहूर्त, प्रत्येकी ४८ मिनिटं. एनएच३५च्याच भावंडात, एनएच३४मध्ये, चोवीस तासांत एक फेरी मारणारा जादा काटा असतो. कडेला तीस खुणा छापल्या की दिसायला काम झालं. पण ही मोजणी सूर्योदयापासून, आणि सूर्योदय रोज सरकतो. ते पाळायचं तर वर्षाची चाल धरणारा कॅम, म्हणजे खास आकाराची चकती, आणि त्याला जोडलेली यंत्रणा लागेल, ती माझ्या आवाक्याबाहेर आहे. नुसत्या खुणा छापून विकायला माझं मन घेत नाही. कुणी खरी यंत्रणा केली तर पहिलं गिऱ्हाईक मी.

मघाशी चिठ्ठी आली आहे, “तुमच्या पश्चात काय?” प्रत्येक घड्याळाच्या मागच्या झाकणावर आतून मशीनचा क्रमांक, गॅस्केटचं माप आणि काचेचा व्यास कोरलेला असतो. डायल आणि काट्यांची रेखाचित्रं गिऱ्हाइकाला घड्याळासोबतच मिळतात. घड्याळ उघडणारा माणूस कुठल्याही गावचा असो, त्याला मला फोन करावा लागू नये एवढं त्यात आहे. आता पुढची चिठ्ठी घेतो.