एक पिशवी आणि 'पितॅऽ'

(फिनलंडमधल्या एस्पो शहरातल्या मराठी मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, लिहून काढताना थोडं नीट केलेलं.)

नमस्कार मंडळी. आज एकाच फिनिश क्रियापदाबद्दल बोलायचंय, 'पितॅऽ'. शेवटचा स्वर 'बॅट'मधल्यासारखा, फक्त लांबवायचा. डिक्शनरी उघडली की धरणे, ठेवणे, आवडणे, समजणे, पाहिजे, पाळणे, भरवणे अशी अर्थांची रांगच लागते, आणि आपल्यातले बरेच जण ती रांग पाठ करायला बसतात. मीही बसले होते, आणि मला आज कळकळीने सांगायचंय की तसं करू नका, तो वेळ फुकट जातो.

माझा पहिलाच शरद ऋतू होता इथला. बस स्टॉपच्या छपराखाली शेजारच्या आजी आणि मी उभ्या होतो, पाऊस जोरात, आणि आजी म्हणाल्या, 'पिदेतॅऽन तॅस्सॅ सादेत्ता'. क्लासमध्ये त्याच आठवड्यात पितॅऽ म्हणजे आवडणे असं शिकवलं होतं, म्हणून मी म्हटलं की हो, मलाही पाऊस आवडतो. आजींनी बस येईपर्यंत शांतपणे समजावलं. आवडतो म्हणायचं तर 'पिदॅन सातेएस्ता'. त्या म्हणाल्या होत्या 'सादेत्ता', म्हणजे पाऊस ओसरेपर्यंत आपण इथे आडोशाला थांबू. क्रियापद तेच ('पिदेतॅऽन' आणि 'पिदॅन' ही दोन्ही 'पितॅऽ'चीच रूपं), पाऊस तोच, बदललं काय तर पावसाला लागलेला प्रत्यय. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे क्रियापद स्वतः फार कमी सांगतं, सगळं त्याच्या शेजारचा शब्द सांगतो.

ही पिशवी बघा, फिनिशमध्ये 'लाउक्कु'. 'पिदॅन लाउक्कुआ', मी पिशवी धरून उभी आहे. 'पिदॅन लाउकुन', ही मी ठेवून घेते, परत देणार नाही. 'पिदॅन लाउकुस्ता', मला पिशवी आवडते. 'पिदॅन लाउक्कुआ काल्लीना', मला ती महाग वाटते. आणि 'मिनुन पितॅऽ ओस्ताऽ लाउक्कु', मला पिशवी घ्यायला पाहिजे. पाच वाक्यं, पाच अर्थ, आणि घोटाळा कुठेच नाही, कारण विभक्ती राखणदारासारखी उभी आहे. फिनिश शिक्षक याला 'रेक्तिओ' म्हणतात, कुठलं क्रियापद कुठली विभक्ती मागतं ते. नवीन क्रियापद वहीत लिहाल तेव्हा एकटं लिहूच नका, शेजारच्या शब्दासकट लिहा.

आता यात आपल्याला अवघड का वाटावं, हा माझा खरा प्रश्न आहे. आपण लहानपणापासून 'लागणे' वापरतो! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झोप लागते, दूध तळाला लागतं, ती माझी मावशी लागते, मला जावं लागतं, आणि वाटेत पाऊसही लागतो. कुणी यादी पाठ केली होती का? नाही ना, आपण अख्खं वाक्य उचललं. मग फिनिश शिकताना मध्ये इंग्रजी आणून प्रत्येक अर्थाला वेगळा इंग्रजी शब्द चिकटवायचा, याची खरंच गरज नाही, मराठीतून सरळ जाता येतं. कार्यक्रम ठेवणे, संपर्क ठेवणे, मुलाचा हात धरणे, या सगळ्याला तिकडे पितॅऽच चालतं. आत्ता मी भाषण देतेय तेही पितॅऽ. 'पितॅऽ पाइक्कान्सा' म्हणजे शब्दशः आपली जागा धरून असणे, आणि अर्थ काय, तर गोष्ट खरी असणे. मला हा वाक्प्रचार फार सुंदर वाटतो. एखाद्याला शुभेच्छा द्यायच्या तर 'पिदॅन पेउक्कुया', मी तुझ्यासाठी अंगठे धरून बसते.

'पाहिजे'चं थोडं जास्त सांगते, कारण तिथे मराठी माणसाला आयतंच मिळतं. मिनुन पितॅऽ, सिनुन पितॅऽ, हेइदॅन पितॅऽ: माणूस बदलतो, क्रियापद जागचं हलत नाही. आपलंही तसंच, मला पाहिजे, तुला पाहिजे, त्यांना पाहिजे. आपल्याकडे माणसाला 'ला' लागतो, त्यांच्याकडे षष्ठी, एवढाच फरक. आणि आपलं 'पाहिजे' तरी मुळात 'पाहणे'तूनच आलंय, जसं त्यांचं 'धरणे'तून. शेजारच्या एस्टोनियन भाषेतही हाच शब्द आहे, 'पिदामा', पण तिथे भूतकाळात धरलं आणि करावं लागलं याची रूपं वेगळी झालीत. फिनिशमध्ये दोन्हीला एकच 'पिती'.

नकाराला मात्र सांभाळा. 'एइ पिदॅ मेन्नॅ' म्हणजे जाऊ नये. 'जायची गरज नाही' हे म्हणायला वेगळं क्रियापद आहे, 'एइ तार्वित्से मेन्नॅ'. कामाच्या ठिकाणी सूचना वाचताना हे दोन उलटसुलट झाले तर महागात पडू शकतं.

आणि 'पिती'. 'मिनुन पिती सोइत्ताऽ सिनुल्ले' याचं भाषांतर करताना मी कितीतरी दिवस 'मला तुला फोन करावा लागला' असं करत होते, आणि पुढच्या वाक्याशी ते जुळायचंच नाही. मग एका कलीगने फोनवर अगदी ओशाळलेल्या आवाजात तेच वाक्य म्हटलं, आणि आवाजावरूनच कळलं. अगं, तुला फोन करायचा होता. म्हणजे केला नव्हता.