केसपेपर

(सकाळ. क्लिनिकचा ओटा.)

सांगली, गावभाग. सात वाजलेत. ओट्यावर बसलेली ही सगळी माणसं उपाशीपोटी आलीत. मधुमेहाची तपासणी आहे: आधी रक्त द्यायचं, मग पिशवीतला डबा उघडायचा, आणि दोन तासांनी पुन्हा हात पुढे करायचा.

(माळा. कापडात बांधलेले गठ्ठे.)

हे त्यांचे केसपेपर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा खालच्या फडताळातले गठ्ठे पाण्यात होते. ही पानं बघा. शाई उतरलीय, कडा चिकटल्यात. कंपाउंडर काकांनी गच्चीवर दोऱ्या बांधून एकेक पान वाळवलं.

(टेबल. संगणकावर दोन मुली.)

ही पानं आता संगणकावर चढवायचीत. पानाचे फोटो काढले की झालं, असं आधी वाटलं होतं. पण फोटोतली साखर संगणकाला कळत नाही. आलेख हवा तर प्रत्येक आकडा टाईपच करावा लागतो. तारीख, वजन, बीपी, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची, आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची साखरेची सरासरी. त्यात नावांचा गुंता. एकाच गावचे, एकाच नावाचे तीन पाटील. जन्मसाल आणि मोबाईल जुळल्याशिवाय पान चढवायचं नाही. मोबाईल बहुतेकदा मुलाचा असतो, तेही विचारून घ्यावं लागतं.

(जवळून: डॉक्टरांचं अक्षर.)

हे नीट बघा. दहा युनिट की शंभर? आकड्याला चिकटून लिहिलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो. इन्सुलिनमध्ये ही चूक जिवावर बेतते. म्हणून शंका आली की अंदाजानं टाईप करायचं नाही. पान लाल ट्रेमध्ये जातं, दुपारी डॉक्टर स्वतः बघतात. नव्या नोंदीत ‘युनिट’ हा शब्द अख्खा लिहितात. या सगळ्या यंत्रांपेक्षा आम्हाला हा लाल ट्रे मोलाचा वाटला.

(पडद्यावर आलेख. शेजारी आजी.)

तासगावच्या या आजी हंगामात बेदाण्याच्या शेडवर जातात. जेवणाची वेळ तिथे कुणाच्या हातात नसते. साखरेची रेघ दरवर्षी एप्रिलच्या सुमारास चढलेली आहे. सुट्या पानांवर हे कुणाच्या नजरेला आलं नव्हतं.

आजींच्या औषधाच्या वेळा बदलल्या. डोळ्यांची आणि पायांची तपासणी राहिलेल्यांना आता यादी बघून फोन जातात.

(काका गठ्ठा बांधतात.)

भिजलेली पानं काकांनी टाकू दिली नाहीत. टाईप झालेला गठ्ठा ते पुन्हा नव्या कापडात बांधतात. अजून दोन कपाटं बाकी आहेत.

(आजी पडद्याकडे बघत राहतात. निवेदन नाही.)