‘बनगरवाडी’चा मास्तर आणि आपली नोकरी

श्रोतेहो, नमस्कार.

नव्याने नोकरीला लागलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मला अधूनमधून बोलावणे येते. तिथे अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापन, बहुवर्ग अध्यापन अशा विषयांवरच्या पुस्तिका हाती दिल्या जातात आणि त्या लागतातच. पण त्यांच्या जोडीला मी एक कादंबरी आवर्जून वाचायला सांगतो. ती म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ साली आलेली ही छोटेखानी कादंबरी शिक्षकाला तर उपयोगी आहेच, पण पहिल्यांदाच आडगावी नेमणूक झालेल्या ग्रामसेवकाला, आरोग्यसेविकेला किंवा बँकेच्या ग्रामीण शाखेतल्या अधिकाऱ्यालाही ती तितकीच शिकवते, असे माझे ठाम मत आहे. ती नेमके काय शिकवते आणि कसे शिकवते, याविषयी आज बोलायचे आहे.

कथा औंध संस्थानातली आहे. मिसरूड नुकते फुटू लागलेला राजाराम नावाचा मुलगा मास्तर म्हणून माणदेशातल्या एका धनगरवाडीत येतो. वाडी लहान, चहूकडे माळ, पाऊस बेभरवशाचा आणि जगण्याचा सारा आधार मेंढरांवर. तो पोचतो तेव्हा शाळा बंद पडलेली असते, मुले मेंढरांमागे गेलेली असतात आणि हे पोरगे आपला मास्तर आहे यावर चटकन कोणाचा विश्वास बसत नाही. संस्थानच्या हुकमाने त्याला पद मिळालेले आहे; विद्यार्थी मात्र त्याला वाडीकडूनच मिळवायचे आहेत, आणि वाडीत शब्द चालतो तो म्हाताऱ्या कारभाऱ्यांचा, म्हणजे वाडीच्या प्रमुखाचा. नोकरीचा पहिला धडा इथे आहे. कोणत्याही गावात, कोणत्याही कचेरीत कागदावरचा अधिकार आणि लोकांनी मानलेला अधिकार यांत अंतर असते, आणि ते अंतर नव्या माणसाला स्वतःच्या पायांनी चालून कापावे लागते. हे वाक्य मी प्रशिक्षणात नुसते उच्चारले तर माना डोलतात आणि विषय संपतो. मास्तराबरोबर त्या बंद शाळेपुढे उभे राहिलेला वाचक मात्र ते स्वतःच्या जिवावर अनुभवतो.

हळूहळू शाळा भरू लागते. पण मास्तराचे खरे काम शाळेबाहेर वाढत जाते. कोणाचे पत्र लिहायचे, कोणाचा अर्ज करून द्यायचा, बाजाराच्या गावाहून कोणाचा जिन्नस आणायचा, भावाभावांच्या भांडणात दोन शब्द बोलायचे, हे सारे त्याच्याकडे येते आणि तो ते करतो. आजच्या शिक्षकांना हे सांगताना मी एक फरक स्पष्ट करतो, कारण अशैक्षणिक कामांविषयीची त्यांची तक्रार अगदी रास्त आहे. वरून लादलेले सर्वेक्षण आणि एखाद्या आजीने विश्वासाने पुढे केलेला पेन्शनचा कागद या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पहिल्यात शिक्षकाचा वेळ जातो आणि हाती काही उरत नाही. दुसऱ्यात दहा मिनिटे जातात, पण त्या आजीची नात दुसऱ्या दिवसापासून शाळेत नियमित येऊ लागते, हे मी माळरानावरच्या शाळांमध्ये वारंवार पाहिले आहे.

तरीही कादंबरी इतकी सरळ गोष्ट सांगून थांबत नाही, हे तिचे मोठेपण. कारभाऱ्यांची मुलगी अंजी मास्तराला आपली चोळी गावातून शिवून आणायला सांगते. निरोप साधा, काम साधे. मास्तराच्या मनात काही नाही. पण वाडीच्या नजरेत त्या साध्या कामाचा अर्थ बदलतो, आणि ज्या कारभाऱ्यांच्या आधारावर शाळा उभी राहिलेली असते त्यांचेच मन दुखावते. हा प्रसंग वाचताना तरुण शिक्षक आणि शिक्षिका एकदम गप्प होतात. उपऱ्या माणसाने कोणाचे काम करावे, कोणासमोर करावे, कोणाला सांगून करावे, याचे प्रत्येक गावाचे अलिखित नियम असतात आणि ते मोडल्यावरच बहुधा कळतात. मास्तराचा हेतू शुद्ध होता हे वाचकाला ठाऊक असते, आणि कारभाऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे हेही त्याला पटते. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या वाटण्याची ही सवय नोकरीत फार मोलाची आहे. नियमावली ती लावू शकत नाही, कारण नियमावलीला कोणती तरी एकच बाजू घ्यावी लागते.

पुढे मास्तराच्या मनात वाडीत तालीम बांधण्याचे येते. यामागची पार्श्वभूमी थोडी सांगतो, कारण ती कळल्यावर वाचन अधिक भरीव होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते आणि त्यांनी आपल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले होते. याच संस्थानाने १९३९ साली, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, गावपंचायतींना पायाभूत मानणारी राज्यघटना स्वीकारली. म्हणजे वाडीने एकत्र येऊन स्वतःसाठी काही उभारावे, ही कल्पना त्या मातीत त्या काळी खरोखरच होती. मास्तर ती वाडीत आणतो, लोक अंगमेहनतीने ती पुरी करतात आणि तालमीसाठी राजेही वाडीत येतात. व्यवस्थापनाच्या पुस्तकात ‘लोकसहभाग’ हा शब्द पानोपानी सापडतो. तो सहभाग मिळवताना किती विनवण्या कराव्या लागतात, कोण रुसतो, कोण आडवा येतो आणि अनपेक्षितपणे कोण खांदा देतो, हे पाहायचे असेल तर ही पाने वाचावीत.

आणि मग दुष्काळ येतो. पाऊस पडत नाही, चारा संपतो, मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला वाडी सोडून जातात. जी शाळा मास्तराने मुलामुलाला हाक मारून भरवली, ती ओस पडते. त्याची कुठेही चूक झालेली नसते. कामाच्या प्रशिक्षणात आपण यशोगाथा सांगतो. प्रामाणिकपणे केलेले काम हातात नसलेल्या कारणाने मोडते तेव्हा काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. ऊसतोडीच्या हंगामात ज्यांचा अर्धा वर्ग रिकामा होतो त्या शिक्षकांना हे दुःख नवे नाही. आज स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत दाखवता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. मास्तराजवळ यांतले काहीच नव्हते. पण त्या पत्रकाचा रकाना भरणारा शिक्षक जर बनगरवाडीची शेवटची पाने वाचून आलेला असेल, तर तो मुलीच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून मोकळा होत नाही, ती कोणत्या कारखान्याच्या तळावर गेली आहे, मुकादम कोण आहे, हे विचारून घेतो.

आता मला स्वतःला या पुस्तकाने काय दिले तेही सांगायला हवे. शेतात बैल कमी पडतो तेव्हा वाडीतल्या शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा देते, असा एक प्रसंग कादंबरीत आहे. माडगूळकर तो सांगतात आणि पुढे जातात. हळहळ नाही, दारिद्र्यावर भाष्य नाही. काय घडले तेवढेच आहे, आणि तेवढ्याने वाचकाचा जीव कासावीस होतो. ते वाचल्यापासून शाळाभेटीनंतर शेरेपुस्तकात लिहिण्याची माझी पद्धत बदलली. ‘पालक उदासीन आहेत’ हे वाक्य आमच्या खात्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जाते. त्याऐवजी मी लिहू लागलो की वडील पहाटे मेंढरे घेऊन बाहेर पडतात, आई कांदालावणीला जाते, आणि तिसरीतली मुलगी दीड वर्षाच्या भावाला सांभाळत घरी बसते. पहिल्या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. दुसरे वाचल्यावर मुख्याध्यापक अंगणवाडीत चौकशी करू शकतात, किंवा त्या भावाला घेऊन आली तरी चालेल असे मुलीला सांगू शकतात. पाहिलेले तसेच लिहिण्याची ही शिस्त मला एका कादंबरीने लावली. माडगूळकर स्वतः चित्रे काढत, आणि आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांसाठी त्यांनी दीर्घकाळ काम केले, हे आज या माध्यमातून बोलताना आठवल्यावाचून राहत नाही. माणूस काय बोलतो, कसा बसतो, कधी गप्प होतो, इकडे त्यांचे जे लक्ष होते, ते प्रत्येक पानावर दिसते.

वाढत्या वयाबरोबर पुस्तकातला आपला सोबतीही बदलतो. तरुणपणी मी सगळी कादंबरी मास्तराच्या बाजूने वाचली. आता वाचताना मी बराच वेळ कारभाऱ्यांजवळ थांबतो. आपल्या शब्दावर उभी असलेली वाडी एका परक्या पोराकडे सल्ला मागायला जाऊ लागते, तेव्हा त्या म्हाताऱ्याला काय वाटत असेल, हा प्रश्न मला आज कळतो, कारण माझ्या खात्यातही आता माझ्यापेक्षा अधिक जाणणारी तरुण माणसे आली आहेत.

ज्यांना हे पुस्तक आपल्या सहकाऱ्यांबरोबर वाचायचे असेल त्यांनी एक करून पाहावे. आसपासच्या शाळांच्या केंद्रात भरणाऱ्या शिक्षण परिषदेत किंवा कचेरीतल्या मासिक बैठकीत सुरुवातीची पाने एकाने मोठ्याने वाचावीत, आणि मास्तराला शाळा बंद दिसते तिथे थांबावे. मग प्रत्येकाने, आपण त्याच्या जागी असतो तर उद्या सकाळी काय केले असते, ते चार ओळींत लिहावे. काही जण वरिष्ठांना अहवाल पाठवू म्हणतात, काही घरोघर फिरू म्हणतात, एका शिक्षिकेने मी मेंढरांमागे माळावर जाईन असे लिहिले होते. कागद वाचून झाले की पुस्तक पुन्हा उघडावे आणि मास्तराने काय केले ते वाचावे. त्यानंतर जी चर्चा होते ती आवरावी लागते. सुरू करून द्यावी लागत नाही. पुस्तक वाचनालयात सहज मिळते आणि एका रविवारात वाचून होते.

नमस्कार.