कठडा निळा की हिरवा?

कागद ओला आहे. ब्रश टेकला आणि निळा जलरंग आपल्या मर्जीने पसरत गेला. चित्रकर्ती हात मागे घेते, थांबते.

ती एक जिना काढतेय. ज्या इमारतीत तो होता ती केव्हाच पाडली गेली. फोटो कुणाकडेच नाही. तिथे राहिलेली सात-आठ माणसं मात्र टेबलाभोवती जमली आहेत. एक आजी ठामपणे सांगतात, "कठडा निळा होता." समोरचे काका लगेच, "छे हो, हिरवा! रोज त्यावरून घसरत यायचो मी."

चित्रकर्ती कुणालाच खोटं पाडत नाही. निळा पूर्ण वाळू देते, मग त्यावर पिवळ्याचा पातळ हात फिरवते. कठडा हिरवा होतो, पण खालचा निळा आतून दिसत राहतो. अपारदर्शक रंग असता, तर आजींची आठवण झाकली गेली असती. मला वाटतं, जलरंगाची खरी माया इथे आहे.

या रंगात बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक असतो. वाळला तरी तो पाण्याला विसरत नाही. ओला ब्रश फिरवला की थर पुन्हा सैल होतो, टिपून घेता येतो. थॅलो नावाच्या गडद निळ्यासारखे काही रंग मात्र कागदाच्या तंतूंत शिरले की शिरलेच. आठवणीही अशाच सैल होतात. एकच गोष्ट पुन्हापुन्हा आठवून सांगताना ती बदलत जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवलं. आणि आपण एकट्याने नाही, आपल्या माणसांच्या आधाराने आठवतो, असं समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी त्याआधीच, १९२५ मध्ये मांडलं होतं. टेबलाशी तेच चाललंय. कुणी "तिसरी पायरी" म्हणतं आणि दुसऱ्याला तिची करकर ऐकू येते.

आता जरा जवळून पाहा. चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, जाड, खरबरीत सुती कागद. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी, दोन्ही मिसळून झालेला करडा रंग त्याच्या खळग्यांत कणाकणाने साचलाय. भिंतीची ओल वेगळी रंगवावीच लागली नाही.

जिना वर कुठे उघडायचा? सगळे गप्प. आजी पुटपुटतात, "तिथे एक बाई राहायच्या... नाव येत नाही बघा ओठांवर."

जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. चित्रकर्ती ब्रश धुऊन ठेवते. वरची जागा कोरीच राहते.