सही करण्याआधी (एका फिल्मचं निवेदन)

(दृश्य : मुंबईतली एक रात्रशाळा. जिन्यावरून चढणारी मुलं. कुणाच्या पाठीला सॅक, कुणाच्या अंगात अजून दुकानाचा गणवेश.)

संध्याकाळी सव्वासहाला ही इमारत दुसऱ्यांदा भरू लागते. दिवसाची शाळा सुटलेली असते, फळ्यावर पाचवीचं गणित तसंच राहिलेलं असतं. लहान मुलांच्या त्याच बाकांवर आता कुरियर वाटणारा येऊन बसतो, साड्यांच्या दुकानात दिवसभर घड्या घालणारी येते, कँटीनमध्ये ताटं उचलणारा येतो. कुणी थेट कामावरून आलेलं असतं, कुणी सकाळपासून नीट जेवलेलं नसतं. दिवसाच्या शाळेतली मुलं देतात तीच दहावीची परीक्षा ही मुलंही देतात. तोच पेपर, तीच वेळ, वेगळी सवलत काही नाही.

या शाळेत बुधवारचा शेवटचा तास मोकळा ठेवलाय. त्या तासाला बाहेरची माणसं येतात. एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, त्यांना मुलं काका म्हणतात. एका कंपनीत नोकरभरतीचं काम बघणारी तरुणी आहे, तिला ताई. दोघं स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या तिकिटाने येतात.

आज पहिल्या बाकावरच्या मुलाने घडी घालून आणलेला कागद काकांसमोर उलगडलाय.

"काका, पंधरा हजार ठरले होते. माझे सतराशे त्रेपन्न कुणी खाल्ले?"

(दृश्य : सॅलरी स्लिप. काकांचं बोट एकेका ओळीवरून सरकतंय.)

काका उत्तर देत नाहीत. फळा पुसतात आणि स्लिप जशीच्या तशी फळ्यावर उतरवतात, नाव आणि कंपनी सोडून. एकूण पगार १५,०००. त्यातलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,०००. पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, त्याचे १२ टक्के : १,४४०. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, एकूण पगाराच्या पाऊण टक्का, ११३. व्यवसाय कर २००. बेरीज १,७५३. वर्गातल्या प्रत्येकाने ती बेरीज आपापल्या वहीत करायची, मोबाइल न काढता.

मग एकेक ओळ. पीएफचे १,४४० कुणी खाल्लेले नाहीत, ते तुझेच आहेत. शिवाय तेवढेच मालकाने घालायचे असतात. मालकाच्या वाट्यातले साधारण हजार रुपये पेन्शन योजनेत जातात, उरलेले तुझ्या पीएफ खात्यात. हे पैसे खरंच भरले जातायत का, हे सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून तुला स्वतःला बघता येतं. मालकाला विचारायला जायची गरज नाही. नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, तोच राहतो. नव्या ठिकाणी तोच द्यायचा, दुसरा काढायचा नाही. इथे तीन हात वर होतात. तिघांनी आधीची नोकरी सोडलीय आणि तिथल्या पीएफचं काय झालं, हे तिघांनाही ठाऊक नाही.

ईएसआयच्या ओळीवर काका जास्त वेळ थांबतात, आणि थांबायलाच हवं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि या योजनेखाली येणाऱ्या कामगारावर, त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांवरही, या विम्यातून उपचार होऊ शकतात. मुलाच्या आईच्या गुडघ्यांवर खासगी दवाखान्यात पैसे जातायत, आणि मुलाच्या पगारातून दर महिन्याला ११३ रुपये कापले जातायत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

व्यवसाय कराशी काका पटकन पोहोचतात. फेब्रुवारीत तो २०० ऐवजी ३०० कापला जातो, तेव्हा भांडायला जाऊ नका, एवढंच. मागच्या बाकावरची मुलगी म्हणते, "माझा तर कापतच नाहीत." बरोबर आहे. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. मुली हसतात, मुलं कुरकुरतात.

(दृश्य : वर्गाच्या खिडकीतून दिसणारे उंच टॉवर, खाली चाळीची गॅलरी.)

ज्या घरात आईवडिलांपैकी कुणी पगारदार नोकरी केलेली असते, तिथे हे सगळं ज्ञान जेवताना कानावर पडतं. फॉर्म सोळा आला का, पॉलिसीचा हप्ता कधी आहे, त्या एजंटचं ऐकू नकोस. कुणी शिकवत नाही, तरी मुलं शिकतात. नोकरी करणारी घरातली पहिलीच पिढी असेल, तर असं बोलणारं माणूसच घरात नसतं. अशा मुलाकडे हुशारी कमी नसते, विचारायला कुणी नसतं. या फिल्मला सांगायचंय ते एवढंच : ती जागा भरून काढता येते, आणि त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

ही जागा रिकामी राहिली की काय होतं, याचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेला तो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनी ठिकठिकाणी मुख्यतः कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हुडकून जाळल्या. अंगठा उठवताना ज्यात काय लिहिलंय हे कळलं नव्हतं, तेच हे कागद. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याने करून द्यायचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, अशी तरतूद त्यात होती. सावकार आणि कुळ यांच्यामध्ये तिसरा माणूस बसवल्याशिवाय कागदाला अर्थ नाही, हे राज्यकर्त्यांनाही मानावं लागलं.

आणि त्या दंग्यांच्याही वीस वर्षं आधी, १८५५ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. ज्याला वाचता येत नाही त्याला कुणीही लुबाडतो, हे ते आयुष्यभर सांगत राहिले.

आज इथल्या प्रत्येकाला वाचता येतं. तरी कागद कळत नाही.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर कर्जाची जाहिरात. "फक्त १० टक्के".)

मोटारसायकलसाठी एक लाखाचं कर्ज, तीन वर्षांसाठी, १० टक्के फ्लॅट. डिलिव्हरीच्या कामाला गाडी लागतेच, म्हणून वर्गात हा प्रश्न सारखा येतो. काका वर्गाकडूनच हिशेब करून घेतात. वर्षाला दहा हजार व्याज, तीन वर्षांचं तीस हजार. एक लाख तीस हजार भागिले छत्तीस, हप्ता ३,६११. "बरोबर आहे ना काका? दहाच टक्के आहे."

दहा नाही. पहिला हप्ता भरलास त्या दिवसापासून एक लाख तुझ्याकडे उरलेलेच नाहीत. दीड वर्षाने निम्म्याच्या आसपास मुद्दल फेडून झालेलं असतं, तरी व्याज अजून पूर्ण लाखावर मोजलं जातंय. घटत्या शिलकीवर मांडलं, तर हाच दर सुमारे १८ टक्के होतो. काका हे सांगतात तेव्हा वर्गात कुणी बोलत नाही. दोघांनी अशा गाड्या आधीच घेतल्यात.

मग काका दुसरी गोष्ट सांगतात, जी त्यांच्या मते यंदाच्या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, वैयक्तिक ग्राहकाला नवं मुदत कर्ज देताना आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं लागतं. म्हणजे मराठीत मागता येतं. १८७९ च्या कायद्यातल्या त्या तिसऱ्या माणसाचं काम आता हा कागद करतो. फक्त तो मागायला हवा, आणि मागायला धीर लागतो. एसी शोरूममध्ये, गळ्यात आयकार्ड घातलेल्या माणसासमोर, एकोणीस वर्षांच्या मुलाने "आधी मला तो कागद द्या" म्हणणं सोपं नाही. म्हणून वर्गात त्याची तालीम होते. काका फायनान्सवाले होतात, खुर्ची ओढून घेतात, घाई करतात. "ऑफर आजच संपतेय, कर सही." मुलाने न चिडता, न लाजता, कागद मागायचा. पहिल्या दोन वेळा जमत नाही. तिसऱ्यांदा जमतं.

शेअर बाजाराचा प्रश्न निघाला की मात्र काका कुठलाही शेअर सुचवत नाहीत. ते शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा २०२४ चा अहवाल सांगतात : फ्यूचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, व्यवहार करणाऱ्या १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांनी तीन वर्षांत नुकसान सोसलं. २०२३-२४ मध्ये असे व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतले ४३ टक्के होते. टेलिग्रामवर टिपा देणारा त्याला आलेला तोटा कधी दाखवत नाही. विषय संपला.

(दृश्य : दुसरा कोपरा. ताई, समोर चार मुलं, कोरे कागद.)

ताईचं काम वेगळं आहे. ती बायोडाटा लिहून घेते. आज समोर बसलेला मुलगा वडापावच्या गाडीवर काम करतो. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, अनुभवाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं.

"नाही कसा? गाडीवर किती वर्षं आहेस?"

"दोन. पण तो काय जॉब नाही ना, ताई."

"पाव किती घ्यायचे, ते कोण ठरवतं?"

"मीच."

"कसं ठरवतोस?"

मग तो सांगू लागतो. पाऊस असला की वडे जास्त जातात. संकष्टीला माल कमी. समोरच्या ऑफिसला सुट्टी असली की निम्मेच पाव. महिन्याच्या शेवटी लोक उधार मागतात, त्यांची वेगळी वही. रात्री गल्ला मोजायचा, यूपीआयचा वेगळा, रोकडीचा वेगळा, आणि दोन्ही मिळून मालकाला हिशेब द्यायचा. ताई एका शब्दानेही मध्ये पडत नाही, नुसती लिहीत जाते. रोजच्या मालाचा अंदाज बांधणे. रोख आणि यूपीआयचा हिशेब. उधारी वसुली. गर्दीच्या वेळी ग्राहक सांभाळणे. कागद त्याच्यासमोर सरकवते तेव्हा तो दोनदा वाचतो आणि विचारतो, "हे असं लिहिलेलं चालतं?"

चालतं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांना, गोदामांना, डिलिव्हरी केंद्रांना नेमका असाच माणूस हवा असतो. आपल्याकडे काय आहे हे या मुलांना माहीत नसतं, कारण त्यांच्या कामाला आजवर कुणी काम म्हटलेलं नाही. मला विचाराल तर अख्ख्या तासातली ही दहा मिनिटं सगळ्यात मोलाची आहेत.

ताईकडे पक्क्या सूचनाही आहेत. मूळ मार्कशीट दाखवायची, हातात झेरॉक्सच द्यायची. नोकरी लावायला कुणी पैसे मागितले, 'रजिस्ट्रेशन' म्हणाला, 'डिपॉझिट' म्हणाला, तर तिथून उठायचं. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लाजत बसायचं नाही, त्याच क्षणी १९३० ला फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

सल्ला देणाऱ्याला समोरच्याचं घर माहीत असावं लागतं. "आयटीआय कर, भविष्य आहे," असं म्हणणं सोपं. आयटीआय दिवसा भरते. दिवसाचा पगार थांबला तर गावी पाठवायचे पैसे कुठून येणार? म्हणून ताई त्या मुलांसमोर अप्रेंटिसशिपचा पर्याय ठेवते. १९६१ च्या कायद्याखाली येणाऱ्या या प्रशिक्षणात काम शिकताना विद्यावेतन मिळतं. ते पगाराहून कमी असेल, तर किती कमी आणि किती महिने, याचं गणित मुलाबरोबर बसून करावं लागतं. कधीकधी उत्तर 'आत्ता नको' असं येतं, आणि तेही बरोबर असतं.

बचतीवरचं भाषणही इथे उपयोगाचं नाही. ही मुलं बचत करतात. मुली भिशी लावतात, वर्षाच्या शेवटी एकरकमी उचलतात, एकही हप्ता चुकवत नाहीत. त्यांना शिस्त शिकवायला जाऊ नये. त्यांना एवढंच सांगावं की भिशी बुडाली तर पैसे परत मिळवणं फार कठीण, आणि बँकेतल्या ठेवीला मात्र ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे.

एक प्रश्न काका सगळ्यांसमोर कधी विचारत नाहीत. मुख्याध्यापिकाच मुलींना बाजूला घेऊन विचारतात : एटीएम कार्ड कुणाकडे असतं? बऱ्याच जणी सांगतात, भावाकडे. खातं तिच्या नावावर, पगार तिचा, पिन त्याला पाठ. या प्रश्नावर फळ्यावर लिहिण्यासारखं काही नाही. बाईंनी एकेका घराशी बोलून यातली काही कार्डं परत आणलीत.

(दृश्य : वर्ग रिकामा होतोय. शाळेचा शिपाई दिवे बंद करतोय.)

असं काम करायचं असेल, तर तुमच्या गावात, वॉर्डात रात्रशाळा, वसतिगृह किंवा आयटीआय आहे का, ते बघा आणि मुख्याध्यापकांना भेटा. मुंबईत मासूम ही संस्था २००८ पासून रात्रशाळांबरोबर काम करते, तिथेही विचारता येईल. शाळा तुमची ओळखपत्रं मागेल, पोलिस पडताळणी मागेल, अल्पवयीन मुलांच्या वर्गात एक शिक्षक बसवेल. याचा राग मानू नका, ज्या शाळा हे करतात त्या चांगल्या शाळा असतात.

तुम्ही विमा किंवा म्युच्युअल फंड विकत असाल, तर तो धंदा दाराबाहेर ठेवा. एकाही मुलाचा पत्ता, एकाही आईचा नंबर त्यासाठी घेऊ नका. मुलाचा फोन हातात घेऊन त्याचं अ‍ॅप तुम्ही चालवू नका, त्यालाच चालवू द्या, वेळ लागला तरी. पहिल्या दिवशी काही शिकवायची तयारी करून जाऊ नका. सॅलरी स्लिप, कर्जाचा कागद, पॉलिसी, जे असेल ते घेऊन या, एवढाच निरोप आधी द्या.

आणि बुधवार ठरवलात तर बुधवार पाळा. जमणार नसेल तर दुपारच्या आत शाळेला कळवा. त्या तासासाठी कुणीतरी दुकानातून अर्धा दिवस मागून घेतलेला असतो, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे त्याच्या पगारातून कापले जातात.