पोटोमॅकच्या पश्चिम तीरावरचा कायदा

लोखंडी कुंपणात जपून ठेवलेला एक झिजलेला दगड अमेरिकेच्या राजधानीची मूळ हद्द दाखवण्यासाठी 1791 मध्ये रोवला गेला. आज तो व्हर्जिनिया राज्यात आहे.

राजधानीसाठी दहा मैल बाजूचा चौकोन आखला गेला, तेव्हा पोटोमॅक नदीच्या एका तीरावरची जमीन मेरीलँडने दिली आणि दुसऱ्या तीरावरची, अलेक्झांड्रिया बंदरासह, व्हर्जिनियाने. 1801 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, या साऱ्या प्रदेशाचा कारभार हाती घेताच तेथील रहिवाशांचा राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस सदस्य निवडण्याचा हक्क संपला. बदल्यात अलेक्झांड्रियाला राजधानीचे वैभवही लाभले नाही, कारण सरकारी इमारती केवळ मेरीलँडच्या बाजूला बांधाव्यात, असे बंधन आधीच घातलेले होते. त्यात शहराने कालव्यासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा पडला.

जुलै 1846 मध्ये काँग्रेसने पश्चिम तीरावरचा हा भाग मतदारांच्या संमतीने व्हर्जिनियाला परत देण्याचा कायदा केला. सप्टेंबरमधील मतदानात 763 मते बाजूने आणि 222 विरोधात पडली. ग्रामीण भागाचा विरोध होता, पण शहराच्या मतांपुढे तो टिकला नाही.

जमिनीचे खाजगी मालक तेच राहिले. बदलले ते कायदे, न्यायालये आणि कर वसूल करणारे सरकार. हा बदल ज्यांना सर्वाधिक जाचणार होता, त्या कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता. गुलामगिरीतून मुक्त झालेल्याने वर्षभरात राज्य सोडावे, असा व्हर्जिनियाचा 1806 चा कायदा होता आणि कृष्णवर्णीयांना लिहावाचायला शिकवण्यासाठी भरणाऱ्या सभांवरही तेथे बंदी होती. 1850 मध्ये राजधानीच्या हद्दीत गुलामांचा व्यापार बंद झाला, तेव्हा त्या व्यापाराचे मोठे केंद्र असलेले अलेक्झांड्रिया हद्दीबाहेर गेले होते. हेतूंबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. तरीही या हस्तांतराला केवळ कर्जाचा आणि मताधिकाराचा प्रश्न म्हणणे अपुरे ठरते.

राज्यांनी दिलेली जमीन राजधानीसाठी स्वीकारण्याची तरतूद राज्यघटनेत आहे, परत देण्याबद्दल मात्र तीत अवाक्षर नाही. याच आधारावर एका करदात्याने व्हर्जिनियाच्या करवसुलीला आव्हान दिले. दोन्ही सरकारांनी इतकी वर्षे मान्य केलेली व्यवस्था एका करदात्याला मोडता येणार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 1875 मध्ये त्याचा दावा फेटाळला आणि मूळ हस्तांतर घटनात्मक होते की नाही, हे ठरवण्याचे टाळले.